मारुती ८००चा स्टीअरिंग रॅक घरी बदलताना: नवख्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४मध्ये शेवटच्या गाड्या बाहेर पडल्या. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सर्वांत तरुण ८००सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे, आणि हौसेने जपलेल्या बहुतेक गाड्या पंचवीस-तीस वर्षांच्या. इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. त्याचं काम जमणारा मिस्त्री कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटतो. स्टीअरिंगकडे मात्र सहसा कुणी लक्ष देत नाही. गाडी सरळ रस्त्यावर थोडी भरकटायला लागते, खड्ड्यातून जाताना स्टीअरिंगमध्ये 'टक्' आवाज येतो, आणि मालक म्हणतो, जुनी गाडी आहे, चालायचंच.

चालू देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी ती नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. पण आरटीओ हे दुय्यम कारण. स्टीअरिंगचा ढिलेपणा हळूहळू वाढतो, हाताला त्याची सवय होते, आणि आपण दिवसभर बारीक बारीक दुरुस्ती करत गाडी चालवतोय हे लक्षातही येत नाही.

या गाडीत पॉवर स्टीअरिंग नाही (सगळ्यात साध्या मॉडेलबद्दल बोलतोय), एअरबॅग नाही, स्टीअरिंगवर सेन्सर नाही. एक लोखंडी दांडा (हाच रॅक), त्यावर दाते, त्यात फिरणारा छोटा पिनियन म्हणजे दातेरी चाक, दोन्ही टोकांना चाकांकडे जाणारे टाय रॉड. एवढंच यंत्र. नीट हत्यारं, सपाट जागा, जोडीला एक माणूस आणि पूर्ण मोकळा दिवस असेल तर हे काम घरी होतं. फक्त दोन गोष्टी मनावर घ्यायच्या: बिघाड खरोखर रॅकचाच आहे याची खात्री, आणि नवा रॅक त्याच्या अचूक मध्यावर बसवणं. बाकी सगळं पाने फिरवण्याचं काम आहे.

आधी खात्री: रॅकच गेलाय का?

'स्टीअरिंगला प्ले आलाय' म्हणून रॅक बदलला आणि प्ले तसाच राहिला, असं पुष्कळ ठिकाणी होतं. कारण ढिलेपणा रॅकच्या अलीकडे-पलीकडे सहा-सात जागी असू शकतो.

गाडी जमिनीवर, चाकं सरळ. खिडकीतून हात घालून स्टीअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा आणि पुढच्या टायरकडे बघा. टायर हलायला लागेपर्यंत स्टीअरिंगची रिम किती सरकते? साधारण ३० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल तर कुठेतरी झीज आहे. आता जोडीदाराला स्टीअरिंगवर बसवा. त्याने अगदी थोडं, पण सतत, इकडे-तिकडे करत राहायचं. तुम्ही चाकामागे वाकून एकेक जोड बोटांनी चाचपायचा. टाय रॉड एंडवर (टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाचा सांधा) बोट ठेवलं आणि दांडा हलतो पण नकल (चाक ज्याच्यावर बसतं आणि वळतं तो भाग) हलत नाही असं जाणवलं, तर दोष त्या एंडचा. आतल्या बाजूला रबरी बुटाची (रॅकच्या टोकावरच्या घड्यांच्या आवरणाची) घडी चिमटीत धरा. आतला गोल सांधा (दुकानात त्याला रॅक एंड म्हणतात) ढिला असेल तर बुटातून टकटक बोटाला लागते. रॅकचा अख्खा डबाच पत्र्यावर सरकत असेल तर क्लॅम्पखालची रबरं गेली आहेत. ती बदलायला रॅक बदलावा लागत नाही.

मग गाडी उचलून चाक घड्याळातल्या ३ आणि ९च्या जागी धरून हलवा, नंतर १२ आणि ६च्या जागी. पहिल्यात खेळतं आणि दुसऱ्यात नाही, तर स्टीअरिंगकडचा दोष. दुसऱ्यातही खेळतं, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग बघा. पेडलच्या वर स्टीअरिंगच्या दांड्याला जो सांधा आहे तोही विसरू नका. त्याचा एक बोल्ट ढिला असला तरी नेमकी रॅक गेल्यासारखीच लक्षणं दिसतात.

हे सगळं तपासून झालं, बाहेरचे सांधे घट्ट निघाले, तरी मधल्या भागात स्टीअरिंग मोकळं लागतं. किंवा बूट फाटून आत पाणी-चिखल गेलाय आणि फिरवताना खरखर लागते. मग रॅकच.

'आवळून' का भागत नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण बऱ्याच गॅरेजांत सोपा उपाय सुचवला जातो: रॅकच्या डब्यावर एक स्क्रू-प्लग असतो, तो आवळला की प्ले जातो. त्या प्लगच्या आत स्प्रिंग आणि एक प्लंजर असतो. तो रॅकला मागून दाबून पिनियनच्या दात्यांत बसवून ठेवतो. प्लग आवळला की दाब वाढतो आणि मोकळेपणा कमी होतो, हे खरं.

पण झीज कुठे झाली आहे बघा. तीस वर्षांत गाडी बहुतांश वेळ सरळ चालली. पिनियन रॅकच्या मधल्या चार-पाच दात्यांवरच घासत राहिला. टोकाकडचे दाते जवळपास नवे आहेत. मधल्या झिजलेल्या दात्यांना पुरेल एवढा प्लग आवळला, की स्टीअरिंग पूर्ण फिरवताना टोकाकडे रॅक आवळून बसतो. वळणावरून बाहेर पडताना स्टीअरिंग आपोआप सरळ यायला हवं. ते येत नाही, अडकल्यासारखं राहतं. घाटात हे फार धोक्याचं आहे. थोडा प्ले असलेली गाडी निदान सांगेल तशी वळते. अडकणारं स्टीअरिंग ऐन वेळी दगा देतं. म्हणून प्लगला हात लावायचा तर अगदी किंचित, आणि आवळल्यावर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठेही जड लागत नाही ना हे बघायचं. मधे सैल आणि टोकाला घट्ट, अशी जोडी दिसली की तो रॅक संपला.

खरेदी

१९८६मध्ये गाडीचं अंग बदललं. त्याआधीच्या पहिल्या पिढीच्या गाडीला पुढच्या गाडीचा रॅक बसेल असं धरून चालू नका. दुकानात जाताना चेसिस नंबर आणि वर्ष लिहून न्या; जमलं तर जुन्या रॅकचा फोटोही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला-ऑपेरा हाऊसकडची स्पेअरची दुकानं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मारुतीचे जुने पार्टवाले, अशी शोधाशोध करावी लागते. कंपनीचा डबाबंद रॅक मिळाला तर तोच घ्यावा. भंगारातून काढलेला रॅक घेऊ नका. तो ज्या गाडीतून निघाला तीही सरळच चालत होती, त्याचेही मधले दाते तसेच झिजलेले असणार.

दुकानात काउंटरवरच पिनियन हाताने पूर्ण फिरवून बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जडपणा हवा, मधेच सैल किंवा खरखरीत नको. बुटाला चीर नको. सोबत दोन नवे टाय रॉड एंड, स्प्लिट पिना, क्लॅम्पची रबरं आणि बुटाच्या क्लिपा घ्या. जुने एंड ठीक दिसले तरी बदला. एवढं उघडल्यावर तेच पुन्हा वापरण्यात काही बचत नाही. आणि 'बॉल जॉइंट द्या' असं म्हणू नका, दुकानदार लोअर आर्मचा काढून देईल. 'टाय रॉड एंड' म्हणा.

हत्यारं

रिंग पाने आणि गोटी पाने, लांब एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच, टाय रॉड पुलर, मध्यम हातोडी आणि एक जड घण, पकड, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, लिथियम ग्रीस, मापन टेप, पांढरा रंग किंवा खडू. जॅकसोबत दोन लोखंडी घोड्या. विटा, दगड, लाकडाचे तुकडे रचून गाडी टेकवण्याची आपल्याकडे सवय आहे; वीट अचानक फुटते, इशारा देत नाही. गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास आहे म्हणून हलकी वाटते, छातीवर आल्यावर नाही. घोड्यांशिवाय हे काम सुरू करू नका.

आदल्या रात्री

टाय रॉडचे लॉक नट (एंडला टाय रॉडवर आवळून धरणारे), एंडचे नट, रॅकच्या क्लॅम्पचे बोल्ट, या सगळ्यांवर ब्रश मारून तेल सोडून ठेवा. अलिबाग, रत्नागिरी, गोव्याकडच्या गाड्यांना खाऱ्या हवेने गंज जास्त असतो. तिथे दोन-तीन दिवस आधीपासून रोज तेल सोडावं. बोल्ट तुटला तर अर्ध्या दिवसाचं काम वाढतं.

गाडी उचलणं

सपाट, कडक जमीन. हँडब्रेक ओढा, आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. नवख्या माणसाला वाटतं, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली की झालं. पण ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते. पुढची चाकं हवेत गेली की गिअर कशालाच धरून ठेवत नाही. गाडी फक्त मागच्या हँडब्रेकवर उभी असते, आणि जुन्या ८००चा हँडब्रेक किती धरतो हे मालकाला माहीत असतं.

चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मग पुढून उचलून, मजबूत जागी दोन्ही घोड्या टेकवा, गाडी हाताने हलवून बघा, चाकं काढा. काढलेलं एक चाक सिलच्या (दाराखालच्या कडेच्या) खाली आडवं ठेवून द्या.

खुणा आणि मोजमाप

काहीही सोडायच्या आधी स्टीअरिंग अगदी सरळ करा आणि दोरीने सीटला बांधून टाका. काम चालू असताना ते फिरलं तर मध्य हरवतो.

आता टाय रॉडच्या लॉक नटापासून एंडच्या बॉलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा आणि वहीत लिहा. शिवाय उघडे आटे किती दिसतात तेही मोजा. फोटो काढा. केबिनमध्ये, पेडलजवळ, स्टीअरिंगचा दांडा रॅकच्या पिनियनला जिथे जोडला आहे तिथे सांधा आणि पिनियन दोन्हींवरून जाईल अशी रंगाची एक रेघ ओढा. नवा रॅक वेगळा असल्यामुळे ही रेघ हुबेहूब उपयोगी पडणार नाही, पण जुन्यावर सांधा कुठे बसला होता हे कळतं.

सोडवणं

सुरुवात बाहेरून. लॉक नट पाव फेरा सैल करा, म्हणजे नंतर एंड हाताने निघतो. एंडच्या खाचवाल्या नटातली स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढा. तुटली तर उरलेला तुकडा बारीक पंचने ठोका. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. आटे बोल्टच्या तोंडाशी येईपर्यंत ठेवा. मग पुलर लावा. टेपर (एंडच्या बोल्टचा निमुळता भाग) नकलमध्ये घट्ट बसलेला असतो, तो हळूहळू सुटत नाही, एकदम 'फट्' करून सुटतो. नट अजून थोडा लावलेला असल्यामुळे तो उडत नाही.

पुलर नसेल तर नकलच्या ज्या डोळ्यात टेपर बसलाय त्या डोळ्याच्या एका बाजूला जड घण धरायचा आणि दुसऱ्या बाजूने हातोडीने दोन-तीन कडक ठोके द्यायचे. ठोका डोळ्याच्या लोखंडावर; बोल्टच्या टोकावर नाही, आट्यावर तर मुळीच नाही. एंड फेकूनच द्यायचा असला तरी तिरका ठोका नकलला वाकवतो.

आता केबिन. पेडलजवळचं मॅटिंग मागे घ्या, दांडा खाली जातो तिथलं कव्हर काढा. सांध्याचा खालचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण काढावा लागतो, कारण तो पिनियनवरच्या खाचेत अडकून बसतो. वरचा बोल्ट थोडा सैल केला की सांधा वर सरकायला जागा मिळते. तो हाताने वर ओढून बघा. गंजला असेल तर तेल, आणि फट फाकवायला पेचकस हलक्या हाताने.

मग खाली जा. रॅक इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्याला क्लॅम्पने बसवलेला आहे. इथे हात घालायला जागा कमी. लांब एक्स्टेन्शनवर गोटी लावून बोल्ट सुटतात. पेट्रोलची नळी, ब्रेकचे पाइप, गिअरची लिंक यातलं काय तुमच्या हाताजवळ आहे ते टॉर्च मारून आधी बघून घ्या. बोल्ट अडला तर इथे ज्योत लावायची नाही. शेवटचा बोल्ट काढताना जोडीदाराने रॅक खालून धरावा.

रॅक एका बाजूला सरकवून दुसरं टोक मोकळं करायचं आणि चाकाच्या पोकळीतून बाहेर काढायचा. ओढाताण नको, अडला तर कुठे अडला ते बघून थोडा फिरवून काढा.

रिकाम्या जागेवर ब्रश मारा. क्लॅम्प बसतो तो पत्रा नीट बघा. गंजून पापुद्रे निघत असतील किंवा बोल्टच्या भोवती तडा दिसत असेल, तर इथेच थांबा आणि आधी वेल्डिंगवाल्याकडून तो पत्रा मजबूत करून घ्या. नुसता नवा रॅक लावून उपयोग नाही.

मध्य शोधणं

जुना आणि नवा रॅक शेजारी-शेजारी ठेवा. लांबी, क्लॅम्पच्या जागा, पिनियनचा कोन, दात्यांची टोकं, सगळं जुळलं पाहिजे.

नव्या रॅकचा पिनियन एका टोकापर्यंत फिरवा. पिनियनवर आणि डब्यावर खडूची खूण करा. आता दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत जा. समजा साडेतीन फेरे भरले. तर तिथून पावणेदोन फेरे मागे या. हा मध्य. खात्री करायची तर डब्याच्या दोन्ही टोकांपासून रॅक एंडपर्यंतचं अंतर मोजा, मध्यावर ते दोन्हीकडे कारखान्यात ठरवलेल्या जागेवर येतं का ते जुन्या रॅकशी ताडून बघा.

एवढा आटापिटा कशासाठी? रॅक एका दाताने जरी बाजूला बसला तरी गाडी चालते. स्टीअरिंग तिरकं दिसतं, मग कुणीतरी स्टीअरिंगच काढून सरळ करून बसवतो, आणि दिसायला सगळं ठीक होतं. पण गाडी डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी वळते, एका बाजूला टायर आत घासतो, वळणाचा दिवा वेळेवर बंद होत नाही. स्टीअरिंग तिरकं असेल तर ते स्टीअरिंगच्या जागी दुरुस्त करायचं नसतं. एक टाय रॉड जितका लांब, दुसरा तितकाच आखूड करून ते सरळ आणायचं असतं.

बसवणं

मध्यावर ठेवलेला रॅक पोकळीतून आत घ्या. नवी रबरं घालून क्लॅम्प लावा, बोल्ट हाताने अर्धे बसवा. आता केबिनमधून सांधा पिनियनवर उतरवा. स्टीअरिंग सरळ बांधलेलं आहे हे पुन्हा पाहा. खालचा बोल्ट हाताने आरपार जायला हवा. जात नसेल तर पिनियनची खाच बोल्टसमोर आलेली नाही. सांधा आणखी खाली सरकवा. बोल्ट हातोडीने ठोकून घालू नका. हा बोल्ट खाचेत नसेल तर सांधा निसटू शकतो, आणि तो निसटला तर स्टीअरिंग हातात राहतं.

मग क्लॅम्पचे बोल्ट थोडे-थोडे आळीपाळीने आवळा, सांध्याचे दोन्ही बोल्ट आवळा. टॉर्कचे आकडे तुमच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि रेंचनेच लावा. दांड्याच्या भोकाचं कव्हर नीट बसवा. ते ढिलं राहिलं तर पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी.

टाय रॉडवर नवे एंड चढवा, वहीतल्या मापाइतके. नकलच्या डोळ्यातला टेपर कोरडा पुसा, ग्रीस लावू नका. नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. भोक खाचेसमोर आलं नाही तर नट आणखी थोडा पुढे आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. नवी स्प्लिट पिन घाला, दोन्ही पाय वळवा.

लॉक नट आवळताना एंडची बैठक सरळ धरा, बॉल त्याच्या फिरण्याच्या मधोमध हवा. तिरका राहिला तर खड्ड्यात चाक वर-खाली झाल्यावर एंड नकलला टेकतो.

तपासणी आणि अलाइनमेंट

चाकं लावायच्या आधी, दोरी सोडून, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा. कुठे ताणतंय का, ब्रेकचे होज ओढले जात नाहीत ना, बूट पिळलेला नाही ना, हे बघा. टाय रॉड फिरवताना बूट त्याच्यासोबत पिळून जातो. बाहेरची छोटी क्लिप सैल करून बूट सरळ करा आणि मग क्लिप लावा. पिळलेला बूट महिन्या-दोन महिन्यांत फाटतो, आणि नव्या रॅकमध्ये पुन्हा चिखल.

गाडी खाली उतरवा, दोन-चारदा पुढे-मागे ढकला म्हणजे सस्पेन्शन बसतं. टोइन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) तात्पुरतं घरीच बघता येतं: टायरच्या मधल्या खाचेवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला, पुढच्या बाजूचं आणि मागच्या बाजूचं अंतर टेपने मोजायचं. दोन्हींत मोठा फरक असेल तर दोन्ही टाय रॉड सारख्याच फेऱ्यांनी फिरवून जुळवा. हे फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतं. दुकानात कामाला सुरुवात करण्याआधी सांगा, रॅक नवा आहे, स्टीअरिंग मध्यावर लॉक करून मगच दोन्ही बाजूंना सारखं जुळवा. नाहीतर एकाच बाजूचा रॉड फिरवून 'झालं' म्हणणारे भेटतात, आणि तुम्ही दिवसभर शोधलेला मध्य दोन मिनिटांत जातो.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, हळू. हात अगदी सैल ठेवून गाडी सरळ जाते का बघा. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परततं का बघा. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा गाडीखाली जाऊन क्लॅम्पचे बोल्ट, सांध्याचे बोल्ट आणि चाकांचे नट तपासा. नवी रबरं दबतात, तेव्हा क्लॅम्प थोडे सैल झालेले सापडू शकतात.

जुना रॅक लगेच भंगारात देऊ नका. डबा आणि दांडा सरळ असतील, फक्त आतला प्लास्टिकचा बुश आणि बूट गेले असतील, तर तो बुश बदलून ठेवता येतो. दाते मात्र झिजले असतील तर त्या रॅकचा एवढाच उपयोग: पुढच्या वेळी दुकानात नमुना म्हणून दाखवायला.